शाळिग्रामाचे शेवटचे वंशज

आमच्या घरच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या सोबतीला एक काळाभोर शाळिग्राम असे. आजोबा त्याला रोज स्नान घालीत, वर तुळस वाहात, आणि आम्ही मुले जवळ बसलेली असलो म्हणजे त्याच्या भगदाडातून दिसणारे चक्र दाखवून म्हणत, ‘हे वज्रकीटाने कोरले आहे.’ दगड पोखरणारा किडा केवढा असेल, त्याला दात किती असतील, या विचारात माझी कित्येक दुपार गेली आहे. पुढे कॉलेजात असताना एका मित्राने भूविज्ञानाचे पुस्तक पुढ्यात टाकले, तेव्हा कळले की चक्र खरोखरच एका जिवाचे आहे. मात्र त्याने ते दगडात कोरलेले नाही, दगडच त्याच्या भोवती घडला आहे. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडणारे हे गोटे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरच्या चिखलाचे आहेत. हिमालय त्या वेळी जन्मालाही आला नव्हता. त्या चिखलात रुतलेल्या प्राण्याला शास्त्रज्ञ अ‍ॅमोनाइट म्हणतात. मेंढ्याची शिंगे धारण करणारा अमोन हा प्राचीन इजिप्तचा देव. त्याच्या शिंगांसारखा शंख म्हणून हे नाव. म्हणजे तिकडेही दैवताशीच संबंध जोडला गेला होता.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या कुळाच्या अखेरच्या दिवसांविषयी. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर जो महासंहार झाला, त्यात डायनोसॉर गेले हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच संहारात समुद्रातले हे अ‍ॅमोनाइटही गेले. पण ते गेले कसे, याहून मला अधिक ओढ लावणारा प्रश्न निराळा आहे. घाला पडण्यापूर्वी त्यांचे कसे चालले होते? ते सुखात होते, की आधीच खंगत चालले होते?

हा प्राणी कसा होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. कोकणच्या बाजारात मिळणारी माकुळ आणि आठ बाहूंचा ऑक्टोपस हे त्याचे आजचे दूरचे नातलग. शंख मात्र त्याच्या अंगावर होता, आणि त्या शंखात पडदे घालून एकामागून एक खोल्या केलेल्या असत. वाढत जाणारा प्राणी नेहमी सर्वांत बाहेरच्या, सर्वांत मोठ्या खोलीत राही. मागच्या खोल्या रिकाम्या करून त्यांत वायू भरी आणि त्याच्या बळावर पाण्यात तरंगत राही. काही जाती रुपयाच्या नाण्याहून लहान होत्या. उलट १८९५ साली जर्मनीत सापडलेल्या एका शंखाचा व्यास पावणेदोन मीटरच्या घरात आहे, आणि तोही अपुरा! सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी हे कूळ उदयाला आले. त्यानंतर पृथ्वीवर तीन मोठे संहार झाले, आणि २५ कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वांत भयंकर संहारात तर समुद्रातील बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या. प्रत्येक वेळी अ‍ॅमोनाइटांच्या दोन-चार शाखा कशाबशा तगल्या आणि पुन्हा साऱ्या समुद्रांत पसरल्या. चौथ्या वेळी मात्र ते साधले नाही.

का साधले नाही, याचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकापासून तयार होते. अमेरिकेतील आल्फियस हायट या विद्वानाने असे मत मांडले की, व्यक्तीप्रमाणे वंशालाही बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते. पुरावा म्हणून शेवटच्या काळातील काही अ‍ॅमोनाइटांकडे बोट दाखविण्यात येई. पूर्वजांचे शंख घड्याळाच्या कमानीसारखे नीट गुंडाळलेले. यांचे मात्र कोठे काठीसारखे सरळ, कोठे आकड्यासारखे वळलेले, तर कोठे मळसूत्रासारखे. जपानात सापडणाऱ्या निप्पोनायटिस या जातीचा शंख पाहिला तर सुतळीचा गुंता कोणी टाकून दिला आहे असे वाटते. वंश म्हातारा झाला, त्याला आपला आकारही सांभाळता येईना, मग तो मेला यात नवल काय, असा हा युक्तिवाद होता.

पेशवाई १८१८ साली बुडाली, आणि त्यानंतर तिच्या शेवटच्या पन्नास वर्षांतली प्रत्येक गोष्ट बुडण्याचे लक्षण म्हणून वाचण्याची आपल्याला सवय लागली. जो पडला त्याच्यात आधीपासूनच काही खोट असली पाहिजे, असे मानले म्हणजे मनाला एक प्रकारचे स्वास्थ्य मिळते. अ‍ॅमोनाइटांच्या बाबतीत तेच झाले असे मला वाटते. वस्तुस्थिती अशी की, हे वेडेवाकडे शंख केवळ अखेरच्या काळातले नाहीत. ते कोट्यवधी वर्षे आधीपासून आढळतात, काही शाखांत तर सुटलेला शंख पुन्हा नीट गुंडाळला गेलेलाही दिसतो. वीडमन या जर्मन संशोधकाने १९६९ साली हे साधार दाखविले. काठीसारखा सरळ शंख असलेल्या बॅक्युलाइटिसचे तर अमेरिकेच्या मध्यभागी, जेथे तेव्हा उथळ समुद्र होता, इतके अवशेष सापडतात की त्यांना जीर्ण म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

तरीही समुद्रात सारेच आलबेल होते असे म्हणता यावयाचे नाही. त्या काळाला क्रिटेशस म्हणतात. त्याच्या ऐन भरात समुद्र आजच्याहून पुष्कळ उबदार होते आणि आज जी कोरडी जमीन आहे तिच्यावर दूरवर पसरलेले होते. तळावर इनोसेरॅमस नावाचे शिंपले पसरलेले असत. त्यांतले काही दोन मीटरांहूनही लांब. या शिंपल्यांचे कूळ, एक लहानसा अपवाद सोडला तर, अंतिम संहाराच्या सुमारे वीस लाख वर्षे आधीच संपले. समुद्राचे पाणी हळूहळू थंड होत होते, खोल पाण्याचे प्रवाह बदलत होते, आणि त्याचा फटका त्यांना बसला असावा. तेव्हा आधीच ऱ्हास झालेला कोणीच नव्हता, असे नाही. प्रश्न एवढाच की, इनोसेरॅमसचा न्याय अ‍ॅमोनाइटांना लावावा काय?

एके काळी लावला गेला. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर थुमाया नावाचे गाव आहे. तेथील समुद्रकड्यात त्या काळचा गाळ पुस्तकाच्या पानांसारखा थरावर थर रचलेला दिसतो, आणि त्यात संहाराची रेघ स्पष्ट आहे. पीटर वॉर्ड या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या सुमारास तेथे शोध घेतला, तेव्हा त्याला शेवटचा अ‍ॅमोनाइट त्या रेघेच्या सुमारे दहा मीटर खाली मिळाला. दहा मीटर म्हणजे लाखभर वर्षांचा गाळ. याचा सरळ अर्थ असा की, घाला पडण्यापूर्वीच अ‍ॅमोनाइट संपले होते. वॉर्डने १९८३ मध्ये तसे लिहिलेही.

येथे मी थोडे आडवळण घेतो. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका धरणाखाली बुडालेल्या गावाच्या पुनर्वसनाची काही प्रकरणे माझ्याकडे आली होती. धरणात पाणी अडविले त्या वेळी अमुक कुटुंबे गावात राहात होती की नव्हती, एवढेच ठरवावयाचे होते. पण त्याच्यावर त्यांची जमीन अवलंबून होती. मी त्या गावची जन्ममृत्यूची नोंदवही मागविली. जुन्या वर्षांत पाने भरून नोंदी होत्या. पुढे त्या विरळ होत गेल्या, आणि शेवटची नोंद पाणी शिरण्याच्या तीन वर्षे आधीची होती. गाव हळूहळू उठून गेले, शेवटी तेथे कोणी उरले नव्हते, असे टिपण मी जवळजवळ लिहून काढले. सही करण्यापूर्वी काय वाटले कोण जाणे, नव्या वसाहतीत जाऊन आलो. तेथला वृद्ध कोतवाल माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘साहेब, पाणी उंबऱ्याला लागंस्तोवर आम्ही तिथंच व्हतो. लिवनारा येत नव्हता.’

मी ते टिपण फाडून टाकले. पुढे शेजारच्या शाळेचा हजेरीपट आणि एका दुकानदाराची उधारीची वही मिळाली. पाण्याच्या महिन्यापर्यंतची नावे तीत होती.

वॉर्डच्या प्रकरणात हीच चूक कशी होते, हे सिग्नर आणि लिप्स या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८२ सालीच दाखवून दिले होते. जो प्राणी दुर्मीळ असतो त्याचा अगदी शेवटचा जीव नेमका अश्मीभूत व्हावा, आणि तोच नेमका कोणाच्या हातोड्याखाली यावा, हा योग जवळजवळ अशक्य. त्यामुळे सापडलेला शेवटचा अवशेष प्रत्यक्ष शेवटापेक्षा नेहमीच थोडा आधीचा असतो. जात जितकी विरळ, तितका तो अधिक आधीचा. मग सर्व जाती एकाच दिवशी मेल्या असल्या, तरी खडकात त्या एकामागून एक, सावकाश गेल्यासारख्या दिसतात. समुद्रातील सूक्ष्म कवचांचे प्राणी चिमूटभर गाळात शेकड्यांनी मिळतात, म्हणून त्यांचा शेवट रेघेला अगदी चिकटून दिसतो. अ‍ॅमोनाइटासाठी मात्र दिवसचे दिवस कडा धुंडाळावा लागतो.

वॉर्डचा मोठेपणा असा की, तो आपल्या निष्कर्षाला कवटाळून बसला नाही. त्याने पुन्हा शोध घेतला. सरहद्दीपलीकडे फ्रान्समध्ये आँदाय नावाच्या गावाजवळ त्याच काळचे कडे आहेत. तेथे त्याला रेघेच्या अगदी निकट अ‍ॅमोनाइट आढळले, आणि तेही पुष्कळ. १९९६ साली त्याने आणि चार्ल्स मार्शल याने मिळून या साऱ्या नोंदींचा गणिती हिशेब मांडला. काही जाती खरोखरच आधी गेल्या होत्या, इनोसेरॅमस तर निश्चित आधी गेले होते. पण अ‍ॅमोनाइटांचा मोठा भाग अखेरच्या रेघेपर्यंत जिवंत असल्याचे त्यातून निघाले. स्वतःचेच छापून आलेले मत पुराव्यापुढे मागे घेणे किती जड जाते, ते कार्यालयात फाइली चाळणाऱ्यांना सांगावयास नको.

दुसरी साक्ष थेट अंटार्क्टिकातून आली. तेथील सीमोर बेटावर संहारापूर्वीच्या आणि नंतरच्या लक्षावधी वर्षांचा गाळ उघडा पडला आहे. ब्रिटिश संशोधकांनी तेथून गोळा केलेल्या सहा हजारांहून अधिक जीवाश्मांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण ध्रुवाजवळच्या प्राण्यांना मोठ्या संकटाची झळ कमी लागली असावी असा पूर्वी समज होता. आकड्यांनी तो खोटा ठरविला. जीवसृष्टी भरभराटीत दिसते, आणि मग एकाएकी खाली येते. आधी उतरती कळा म्हणावी असे काही आढळत नाही. २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील अभ्यासकांनी, संग्रहालयांच्या कपाटांत पडून असलेल्या नमुन्यांचीही दखल घेऊन, जगभरच्या अ‍ॅमोनाइटांचा ताळेबंद मांडला. त्यांना असे आढळले की, संपूर्ण जगाला लागू पडणारी एकच कहाणी नाहीच. एका समुद्रात जाती घटत होत्या तर दुसऱ्या समुद्रात त्यांचे बरे चालले होते. आपण मात्र सर्वांची बेरीज करून, ज्या भागात खोदकाम अधिक झाले त्या भागाचा निकाल साऱ्या पृथ्वीच्या माथी मारीत होतो.

या ताळेबंदात आपल्या देशाचेही पान आहे. तमिळनाडूतील अरियलूर आणि तिरुचिरापल्ली या भागांत एके काळी समुद्र शिरलेला होता, आणि तेथील चुनखडकात अ‍ॅमोनाइट विपुल आहेत. तोच चुनखडक आज अरियलूरच्या सिमेंट कारखान्यांत जातो. किती अ‍ॅमोनाइट आपल्या भिंतींत जाऊन बसले असतील याची गणती नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या वतीने ब्लॅनफर्डने हा मुलूख पाहिला, आणि तेथल्या अ‍ॅमोनाइटांचे सविस्तर वर्णन फर्डिनांड स्टोलिक्झका याने १८६० नंतरच्या वर्षांत केले. मोराविया प्रांतातून पंचविशीच्या आत येथे आलेला हा तरुण सरकारी नोकर कलकत्त्यात बसून एकेक शंख पारखीत असे. पुढे यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ साली लडाखच्या उंच डोंगरांत तो वारला. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे. त्याने केलेली वर्णने आजही उघडून पाहावी लागतात. एवढी चांगली टिपणे सरकारी खात्यातून क्वचितच निघतात!

दुर्दैव असे की, ज्या शेवटच्या काळाविषयी आपण बोलत आहोत तो अरियलूरला नीट वाचता येत नाही. अखेरच्या सुमारास तेथला समुद्र हटला, आणि त्या जागी नद्यांनी आणलेली वाळू व चिखल साचला. त्यात डायनोसॉरांची हाडे मिळतात, अ‍ॅमोनाइट नाहीत. दप्तर उत्तम, पण शेवटची पाने गळालेली. अखेरची रेघ पाहावयाची तर आपल्याला मेघालयात, चेरापुंजीच्या पायथ्याशी उमसोरिंग्क्यू नदीच्या काठी जावे लागते. तेथे ती आहे, आणि तिच्यात सूक्ष्म सागरी प्राण्यांचा एकाएकी झालेला निःपातही स्पष्ट दिसतो.

आता महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो आरोपीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याच्यातून आपली लेणी कोरली, किल्ले बांधले, तो म्हणजे त्याच सुमारास भूगर्भातून उसळलेला लाव्हा. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे, आणि दहा लाखांहून कमी वर्षांत तो साचला. त्याच्याबरोबर बाहेर पडलेल्या वायूंनी हवा व समुद्र तापले, आणि म्हणून समुद्रातले प्राणी आधीच दुबळे झाले होते, असे मानणारे विद्वान आहेत. २०१९ साली दोन निरनिराळ्या गटांनी याच लाव्हाचे वय अतिशय बारकाईने काढले. एकाच्या मते उद्रेकाचा एक मोठा लोंढा संहाराच्या काही दशसहस्र वर्षे आधी आला. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा संहारानंतरचा आहे. दगड तोच, आणि पंच दोन! समुद्रतळाच्या गाळावरून एवढे दिसते की, संहारापूर्वी तापमान काही अंश वाढले होते हे खरे. पण ती वाढ लाखाहून अधिक वर्षे आधीच ओसरली होती. ताप येऊन गेला होता, रोगी उठून कामाला लागला होता. माझ्या मते सह्याद्रीला या खटल्यात संशयाचा फायदा मिळावयास हरकत नाही. अर्थात मी सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला असल्याने माझे मत त्या मानाने घ्यावे.

मुख्य घाला कोणता, याविषयी आता फारसा वाद राहिलेला नाही. इटलीतील गुब्बियो गावाजवळ रेघेच्या जागी जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर आहे. त्यात इरिडियम नावाचा, भूपृष्ठावर अत्यंत विरळ असलेला धातू खालच्या-वरच्या खडकांच्या सुमारे तीसपट आढळला. लुई आल्वारेझ, त्यांचा पुत्र वॉल्टर आणि त्यांचे दोघे सहकारी यांनी १९८० साली त्यावरून सांगितले की, सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला असला पाहिजे. त्याचे विवर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात जमिनीखाली गाडलेले असल्याचे १९९१ मध्ये निश्चित झाले. आघाताने उडालेल्या धूळ-काजळीने सूर्य झाकला गेला. समुद्राच्या पृष्ठभागावर उन्हाच्या बळावर वाढणारे सूक्ष्म प्लवक नष्ट झाले, आणि वरचे पाणीही काही काळ आम्लधर्मी बनले.

याच ठिकाणी अ‍ॅमोनाइट फसले असे दिसते. त्यांचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडे तेव्हा जेमतेम एक मिलिमीटरचे असे. ते पृष्ठभागाजवळच्या पाण्यात वाहत राही आणि तेथलेच बारीकसारीक अन्न खाई. असंख्य पिले सर्वदूर विखुरण्याची ही रीत कोट्यवधी वर्षे त्यांना उत्तम फळली होती; मागच्या तीन संहारांनंतर पुन्हा साऱ्या समुद्रांत पसरताना याच रीतीची त्यांना मदत झाली असावी. या खेपेला मात्र नेमके पिलांचे अन्नच नाहीसे झाले. डेन्मार्कमध्ये रेघेच्या थोडे वर काही अ‍ॅमोनाइट सापडले आहेत, आणि ते खालच्या थरातून वाहून आलेले नसून खरोखर मागे उरलेले होते असे तेथील अभ्यासकांचे म्हणणे आहे. तसे असेल तर थोडे जीव संकटातून तगले आणि काही पिढ्या जगून मग संपले.

त्यांचाच एक चुलतभाऊ नॉटिलस मात्र आजही हिंदी व प्रशांत महासागरांत खोल पाण्यात नांदतो आहे. त्याचाही शंख गुंडाळलेला, त्यातही तशाच खोल्या. तो मेलेले-कुजलेले काहीही खाऊन राहतो, आणि फार दिवस उपाशीही राहू शकतो. मादी एका वेळी एकेकच मोठे अंडे घालते. ते उबण्यास जवळजवळ वर्ष लागते. आणि पिल्लू बाहेर येते तेव्हा ते अडीच सेंटिमीटरचे असते, शंखात सात-आठ खोल्या बांधूनच आलेले.